मावशी, काय समजलं ते सांगा

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजवर जमलेलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे लिहिणं म्हणजे किराण्याची यादी आणि पगाराच्या दिवशी सही. हे कोणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही. तरी चुकून कोणाच्या हाती पडलं तर त्याने चुकांकडे बघू नये. मी कामाला होते त्या हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर म्हणायचे, "मावशी, अक्षर सुंदर नसलं तरी चालतं. वाचणाऱ्याला लागलं म्हणजे झालं."

त्यांचं स्वतःचं अक्षर तर असं होतं की ते डॉक्टर असूनही त्यांचं लिहिलेलं मला वाचता यायचं. सुटी सुटी अक्षरं, गोळ्यांचं नाव छापल्यासारखं. समोरचा मेडिकलवाला म्हणायचा, "सही डॉक्टरांची आहे खरी, पण चिठ्ठी कोणा मास्तरांनी लिहिलेली दिसते." आणि प्रत्येक लिखाणाखाली तारीख, वेळ, सही. वेळ तर ते कशावरही घालायचे. एकदा मला चिठ्ठी दिली, "दुधाची एक पिशवी जास्त आणा," आणि खाली लिहिलं, सकाळी नऊ वाजून दहा. मी मनात हसले. दुधाला कसली साक्ष लागते? पण त्यांचा हातच तसा वळलेला होता.

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं बारा खाटांचं हाडांचं हॉस्पिटल. आम्ही मूळचे खानदेशातले. माझे मालक इथे रंगाच्या कंपनीत लागले, म्हणून मी आले. झाडू-फरशीला म्हणून मला ठेवलं, मग ड्रेसिंगच्या खोलीत घेतलं. मी कमी बोलणारी. कोणी मोठ्याने नाव विचारलं तरी मी झाडू घेऊन बाजूला व्हायचे. पहिल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "शिक्षण किती?" मी मान खाली घालून म्हटलं, "चौथी." ते म्हणाले, "वा! बरोबर पाहिजे तेवढं." मला वाटलं, थट्टा केली. ते थट्टा करत नव्हते हे कळायला मला महिना लागला.

त्यांच्याकडे नवी डॉक्टर मुलं यायची. नुकतीच परीक्षा पास झालेली, गळ्यात नवीन नळी, पुढच्या मोठ्या परीक्षेची पुस्तकं पिशवीत. वर्ष-सहा महिने राहायची आणि जायची. शिवाय दर शनिवारी दुपारी, पेशंट संपले की, आसपासच्या दवाखान्यांतून अशीच पाच-सात मुलं-मुली जमायची. कोणी पालघरहून, कोणी गावाकडच्या सरकारी केंद्रातून. मी चहा करायचे आणि दाराजवळच्या बाकावर बसायचे. मुलं अडचणी विचारायची. पुढे शिकू की नोकरी धरू, स्वतःचा दवाखाना काढू का, पोलीस आले तर काय बोलू, नातेवाईक अंगावर आले तर काय करू. डॉक्टर म्हणायचे, "कॉलेजात तुम्हाला रोग शिकवला. माणूस आणि कागद शिकवायचा राहिला. तो इथे शिकू."

त्यातलं पुष्कळ मला ऐकून ऐकून पाठ झालं. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. लिहिलेलं चुकलं तर खोडरबर नाही, गिरवणं नाही, एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं दिसलं पाहिजे, आणि शेजारी सही. पाहिलेलं वेगळं लिहायचं, ऐकलेलं वेगळं लिहायचं. पहिल्या पगारातून आईला साडी घ्यायची आणि स्वतःचा डॉक्टरकीचा विमा काढायचा. एका मुलीने विचारलं, "सर, आधी साडी की आधी विमा?" डॉक्टर म्हणाले, "आधी विमा. साडीला उशीर झाला तर आई रागावते, पण सोडून जात नाही."

पाहिलेलं आणि ऐकलेलं म्हणजे काय, ते मी एकदा डोळ्यांनी बघितलं. एका कारखान्याचा ठेकेदार मशीनमध्ये हात गेलेल्या कामगाराला घेऊन आला. वरून सांगायला लागला, "बाथरूममध्ये पडला. पोलिसांना कळवू नका, उगाच त्या बिचाऱ्याला चकरा." कामगार परमुलखातला, घाबरून गप्प. डॉक्टरांनी आधी हात बांधला, मग लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "सोबत आलेल्या इसमाच्या म्हणण्यानुसार बाथरूममध्ये पडून. माझ्या पाहण्यात, जखमेत तेल आणि लोखंडाचा चुरा." ठेकेदार म्हणाला, "डॉक्टर, हे चुऱ्याचं कशाला?" डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बाथरूममध्ये असेल चुरा, मी कुठे नाही म्हणतोय? तुमचं तुमच्या नावाने लिहिलं, माझं माझ्या नावाने." आणि पोलिसांना फोन लावला. पुढे त्या कामगाराला भरपाई मिळाली ती त्या ओळीवर. तो पेढे घेऊन आला होता.

आणखी एक गंमत. सुट्टी उलटून गावाला जास्त राहिलेले कामगार खोटं सर्टिफिकेट मागायला यायचे. एक जण म्हणाला, "साहब, पिछले हफ्ते का बुखार लिख दो ना, आप का क्या जाता है?" डॉक्टर म्हणाले, "भैया, पिछले हफ्ते का बुखार मुझे दिखा नहीं. आज का बुखार दिखाओ, अभी लिखता हूँ." त्याने खरंच हात पुढे केला. डॉक्टरांनी नाडी बघितली, थर्मामीटर लावला आणि ताप निघाला. मलेरिया होता. आठ दिवस खाटेवर होता, आणि खऱ्याखुऱ्या आठ दिवसांचं सर्टिफिकेट घेऊन गेला.

आता माझ्या परीक्षेचं सांगते. तिला सगळे 'मावशीची परीक्षा' म्हणायचे, पण परीक्षा माझी नसे, नव्या डॉक्टरांची असे. कोणाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही घेण्याआधी नव्या डॉक्टरने ते ऑपरेशन आधी मला समजावायचं. काय करणार, का करणार, काय बिघडू शकतं, नाही केलं तर काय होईल. मला कळलं तर पेशंटकडे जायचं, नाही तर परत. प्लास्टरनंतरच्या सूचनांचंही तसंच. पहिल्यांदा एका मुलाने मला मांडीच्या हाडाचं ऑपरेशन सांगितलं. दहा मिनिटं बोलला. डॉक्टर म्हणाले, "मावशी, काय समजलं ते सांगा." माझे कान तापले. पदर तोंडाशी धरून म्हटलं, "मांडीत काहीतरी घालणार, आणि ते महाग आहे." सगळी खोली हसली. डॉक्टर नाही हसले. त्या मुलाला म्हणाले, "दहा मिनिटांत एवढंच पोचलं. बाकीचं कुठे सांडलं ते बघ."

आणि एक सक्त ताकीद होती. "समजलं का?" असं विचारायचं नाही. डॉक्टर म्हणायचे, "समजलं का म्हटलं की आपल्याकडे माणूस हो म्हणतो. लाजेने म्हणतो, तुमच्या पांढऱ्या कोटाला मान देऊन म्हणतो, बस चुकेल म्हणून म्हणतो. त्या होला काही अर्थ नाही. काय समजलं ते त्याच्या तोंडून वदवून घ्या." मग पेशंटने सांगितलं की कागदावर पेशंटचा अंगठा किंवा सही, आणि साक्षीदार म्हणून माझी सही. साक्षीदार ही ओळ आली की मी बाकावर कागद ठेवून पूर्ण नाव लिहायचे. हळूहळू मला त्या सहीचा अभिमान वाटू लागला. घरी कोणी मला विचारून काही करत नव्हतं, आणि इथे माझ्या होशिवाय डॉक्टरला पुढे जाता येत नव्हतं.

त्याच होने मी घात केला.

त्या वर्षी आमच्याकडे लातूरकडचे एक तरुण डॉक्टर होते. आम्ही त्यांना छोटे डॉक्टर म्हणायचो. हुशार, मायाळू. पुढच्या शिक्षणाच्या परीक्षेसाठी जेवताना पण पुस्तक समोर. वडील त्यांचे शेतमजूर, गावाने वर्गणी काढून शिकवलेलं. त्या सकाळी परीक्षेचा निकाल लागला आणि त्यांना जागा मिळाली नाही. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी ते कामाला आले. मोठे डॉक्टर नेमके त्याच दिवशी पालघरला कोर्टात साक्षीला गेलेले. साक्षीला जाताना ते नेहमी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि म्हणायचे, "आज मी कोणाच्याच बाजूचा नाही." परत आले की शनिवारी मुलांना सांगायचे, "आज वकिलाने चार वेळा विचारलं, चारही वेळा मी म्हणालो, मला माहीत नाही. घाबरू नका रे. 'माहीत नाही' म्हणायलासुद्धा डिग्री लागते."

तर त्या दिवशी माकुणसारहून जानकीबाई आल्या. पन्नाशीच्या, वाडीत भाजी पिकवून विकणाऱ्या. विहिरीच्या काठावर घसरून उजवं मनगट मोडलेलं. बरोबर नवरा, दामूभाऊ. छोट्या डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला, हाड बसवलं, प्लास्टर घातलं. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी अशी पुष्कळ प्लास्टरं घातली होती. बाहेर बाक भरलेले, एक लहान मूल रडत होतं. छोटे डॉक्टर घाईत म्हणाले, "रक्ताभिसरणावर लक्ष ठेवायचं. बोटांची संवेदना कमी झाली किंवा रंगात बदल जाणवला तर तात्काळ यायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, समजलं ना?"

मला समजलं नव्हतं. संवेदना हा शब्द मी प्रवचनात ऐकला होता, बोटात तो कसा कमी होतो मला माहीत नव्हतं. पण त्यांचे डोळे लाल होते. आणि खरं सांगायचं तर आज तरी मी अडाणी दिसू नये असंही मला वाटलं. मी म्हटलं, "हो."

जानकीबाईंनीही मान हलवली. "हां हां." छोट्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, सूचना समजावून सांगितल्या, रुग्णास समजल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून जानकीबाईंच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. खाली साक्षीदार म्हणून मी पूर्ण नाव लिहिलं. उद्या दाखवायला या, हे कागदावर इंग्रजीत होतं. तोंडाने सांगितलं की राहिलं, ते नंतर त्यांनाही आठवेना.

तिसऱ्या दिवशी जानकीबाई आल्या तेव्हा त्यांची बोटं वांग्याच्या रंगाची झाली होती. त्या म्हणत होत्या, "हाड मोडलाय तर दुकनारच ना. मी म्हटलं, डॉक्टरनी बांदलाय, सोडाचा नाय." मोठे डॉक्टर समोरच होते. त्यांनी सुजलेल्या हाताला आवळलेलं प्लास्टर उभं कापलं, गाडी बोलावली आणि स्वतः बरोबर बसून त्यांना मुंबईला नेलं. तिथे ऑपरेशन झालं. हात वाचला. पण मधलं आणि त्याच्या शेजारचं बोट आत वळलेलं राहिलं, सरळ होईना. भाजीची जुडी बांधायची तर केळीचा दोर त्याच बोटांवर गुंडाळावा लागतो.

आठवड्याने दामूभाऊ, त्यांचा पुतण्या आणि गावातले चार-पाच जण आले. पुतण्या दारातच ओरडला, "कुठंय तो पोरगा? आमच्या काकीचा हात खाल्ला त्याने! केस करतो. याची डिग्रीच काढून घेतो!" मोठे डॉक्टर म्हणाले, "करा. तक्रार कुठे करायची ते मी लिहून देतो. सगळ्या कागदांची झेरॉक्स आजच घेऊन जा, तो तुमचा हक्क आहे." पुतण्या गडबडला. अशा उत्तराची त्याने तयारी केली नव्हती. झेरॉक्स घेऊन, परवा पुन्हा येतो म्हणून सगळे गेले.

त्या दुपारी हिशेब बघणारे गृहस्थ छोट्या डॉक्टरांना सांगत होते, "घाबरता कशाला? कागद पक्का आहे. समजल्या असं लिहिलंय, अंगठा आहे, साक्षीदार आहे." छोटे डॉक्टर माझ्याजवळ आले. चेहरा पार उतरलेला. हळूच म्हणाले, "मावशी, कोणी विचारलं तर तुम्ही सांगाल ना, तुमच्यासमोर नीट समजावलं म्हणून? नाहीतर माझं सगळं संपेल. गावाला काय तोंड दाखवू?"

मी बादली उचलली आणि वरचा मजला पुसायला गेले. स्वच्छ फरशी दोनदा पुसली. एकीकडे गावाच्या वर्गणीवर शिकलेलं पोर, दुसरीकडे दोर न गुंडाळता येणारी बोटं. मधे माझी सही. मला सारखं एकच वाटत होतं, की तेव्हा मी फक्त "नाही समजलं" म्हटलं असतं तर छोट्या डॉक्टरांनी सोपं करून सांगितलंच असतं. बोटं सुजली, निळी पडली, मुंग्या आल्या तर लगेच पळत या. एवढंच होतं ते. जानकीबाईंनाही कळलं असतं.

बादली तशीच जिन्यात ठेवून मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. आपण होऊन मी त्या खोलीत कधी गेले नव्हते. ते लिहीत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, मला समजलं नव्हतं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "काय समजलं नव्हतं?"

"त्या दिवशीचं. जानकीबाईंच्या वेळचं. त्यांनी विचारलं समजलं ना, मी हो म्हटलं. मला काही समजलं नव्हतं. सही माझी आहे."

मला वाटलं, आता नोकरी गेली. ते म्हणाले, "बसा, मावशी." मी उभीच राहिले. मग त्यांनी छोट्या डॉक्टरांना बोलावलं आणि मला म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. छोटे डॉक्टर भिंतीला टेकले. म्हणाले, "सर, मी 'समजलं ना' असंच विचारलं. तुम्ही शंभर वेळा सांगितलंय." आणि रडायला लागले.

मोठे डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "पहिली चूक माझी. हॉस्पिटल माझं, तू नवा, आणि एवढ्या पेशंटना एकट्या तुझ्यावर टाकून मी गेलो. दुसरी तुझी. तिसरी मावशींची. आता ऐक. कागदातलं एक अक्षर बदलायचं नाही. वकिलाला आणि विमावाल्यांना मी आजच कळवतो, जसं घडलं तसं. आणि परवा ती माणसं येतील तेव्हा त्यांना आपणच सांगायचं."

छोटे डॉक्टर म्हणाले, "सर, कागद तर आपल्या बाजूने आहे."

"आहे ना. कागद तुला यातून सोडवेल. मग पुढची चाळीस वर्षं तू कागदच लिहीत बसशील, पेशंटकडे बघणार नाहीस. तसे डॉक्टर मी पाहिलेत."

ठरलेल्या दिवशी जानकीबाई स्वतः आल्या, हात झोळीत. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना आत बसवलं, आपली चूक सांगितली. छोट्या डॉक्टरांनी सांगितली. मग मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. खोलीत दहा माणसं होती. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून मी म्हटलं, "जानकीबाई, मलापण कळलं नव्हतं. मी खोटं हो म्हटलं. तुमच्यासारखंच."

पुतण्या उसळला, "बगा, कबूल केला!" पण जानकीबाई त्याला म्हणाल्या, "तू गप रं. बाय बोलतं ता खरा हाय. मी पन मान हालवलीच की."

खर्च साठ हजार झाला होता. अर्धे मोठ्या डॉक्टरांनी तिथेच दिले. उरलेल्यांचं म्हणाले, "हे छोटे डॉक्टर महिन्याला थोडे थोडे देतील, तुमच्या घरी येऊन. येतील तेव्हा हात बघतील आणि बोटांचा व्यायाम करून घेतील. तुमची हरकत असेल तर बाकीचेही मी आज देतो, पण मग यांना हात विसरायला वेळ लागणार नाही." पुतण्याला एकदम सगळे हवे होते. जानकीबाई म्हणाल्या, "येऊ दे त्याला. दर महिन्याला येऊ दे. माजा हात बगू दे."

तेव्हा मी बोलले. कुठून बळ आलं माहीत नाही. "माझीपण सही आहे. मीपण देणार."

हिशेबनीस हसले. "मावशी, तुम्ही कशाला? तुमचा पगार तो काय!" मोठे डॉक्टर म्हणाले, "मावशी, महिन्याला किती जमेल?" मी म्हटलं, "दोनशे." त्यांनी कागदावर लिहिलं, महिना दोन हजार, त्यांपैकी छोटे डॉक्टर अठराशे, मावशी दोनशे. तारीख, वेळ, सही. राहू द्या म्हणाले नाहीत. पुष्कळांनी मला आयुष्यात राहू द्या म्हटलं आहे. तुला काय कळतं, राहू दे. या माणसाने माझी चूक माझ्या नावावर लिहिली. त्या दिवशी मला जितका मान मिळाला तितका कधी मिळाला नव्हता.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं सफाळे स्टेशनला उतरून रिक्षाने माकुणसारला जायचो. पहिल्यांदा जानकीबाईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही. हात पुढे केला आणि दुसरीकडे बघत बसल्या. छोटे डॉक्टर कोमट पाण्यात हात धरून एकेक बोट हळूहळू सरळ करायचे. चौथ्या महिन्यात चहा आला. सहाव्या महिन्यात जानकीबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमाला बायको कोन देल? आयतवार तर सगला माज्या बोटांत जातो तुमचा." हॉस्पिटलात सुद्धा बदल झाला. प्लास्टर घातलेल्या प्रत्येक पेशंटला दुसऱ्या दिवशी बोलवायचं, आला नाही तर फोन करायचा, हे काम मोठ्या डॉक्टरांनी मला दिलं. फोनवर बोलायला मी शिकले ते तसं. "बोटं हलवून बघा, आणि काय दिसतं ते मला सांगा."

तक्रार काही जानकीबाईंनी केली नाही. छोट्या डॉक्टरांनी परीक्षा पुन्हा दिली आणि त्यांना हाडांच्याच शिक्षणाला जागा मिळाली. फॉर्म भरताना ते मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, "सर, हाडांकडे जायची मला भीती वाटते." मोठे डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच जा. ज्याला भीती वाटते तो दुसऱ्या दिवशी बोटं बघतो."

अकरावा महिना चालू असताना मोठे डॉक्टर गेले. मंगळवारी सकाळी कामावर यायला निघाले, बूट घालायला खाली बसले ते उठलेच नाहीत. शनिवारी येणारी सगळी मुलं आली, आता काहींचे केस पिकायला लागलेले. त्यांनीच खांदा दिला. हिशेबनीसांनी फाटकावर कागद चिकटवला, डॉक्टरांचे दुःखद निधन, दवाखाना बंद. खाली ना तारीख ना वेळ. मी पेन मागून घेतलं आणि दोन्ही लिहिलं. माझ्या त्या वाकड्या अक्षरात.

वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नींनी, आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "राहिलेले पैसे आम्ही देऊन टाकतो. तुम्ही आता त्रास घेऊ नका." मी म्हटलं, "नको, वहिनी. त्यांनी लिहून ठेवलंय."

छोटे डॉक्टर तेव्हा मुंबईला शिकत होते, झोप न झालेले, तरी राहिलेल्या चारही रविवारी आले. पंधराव्या महिन्यात आम्ही शेवटचे दोन हजार घेऊन गेलो. जानकीबाई ओट्यावर माठाच्या भाजीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. बोटं पूर्ण सरळ झाली नव्हती, होणारही नाहीत. पण दोर गुंडाळायची नवी तऱ्हा त्यांनी काढली होती, अंगठा आणि करंगळीवर. छोट्या डॉक्टरांनी कागद लिहिला, सर्व रक्कम पूर्ण मिळाली, काही बाकी नाही. तारीख घातली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वेळ." त्यांनी घड्याळ बघून लिहिलं, सकाळी दहा वाजून पस्तीस.

मी तो कागद जानकीबाईंना वाचून दाखवला. अडखळत, पण सगळा. त्यांनी शाईला डावा अंगठा लावायला घेतला, मग थांबल्या, पदराला हात पुसला आणि उजवा अंगठा लावला. त्याआधी मी त्यांना विचारलं होतं. समजलं का, असं नाही. मी विचारलं, "जानकीबाई, काय समजलं ते सांगा."

त्या म्हणाल्या, "काय समजला? तुमचा माज्याकडं आता कायएक देना रायला नाय." मग एक जुडी उचलून माझ्या पिशवीत टाकली. "पन येत रावा."